उष्ण किनारी प्रदेशातील रेड वाइनचे साल कसे पारखावे: बोल्गेरीच्या आधाराने एक मार्गदर्शक

बाटलीवर छापलेले साल म्हणजे द्राक्षांची तोडणी झाली ते वर्ष होय. युरोपीय संघाच्या नियमानुसार साल छापायचे असल्यास वाइनमधील किमान ८५ टक्के द्राक्षे त्याच वर्षीची असावी लागतात. थंड प्रदेशात या सालाची पारख करताना पहिला प्रश्न असतो तो द्राक्षे पुरेशी पिकली का, हा. ज्या वर्षी ऊन अधिक, ते वर्ष बहुधा चांगले. इटलीतील टस्कनीच्या किनाऱ्यावर, लिव्होर्नो प्रांतातील बोल्गेरीत मात्र हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण तेथे द्राक्षे जवळजवळ दरवर्षी पिकतात. तेथे विचारायचे ते एवढेच की ती किती सावकाश पिकली. पुढील सर्व पायऱ्या याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: संपूर्ण टस्कनीचा तक्ता बाजूला ठेवावा

वाइनच्या सालांना गुण देणारे तक्ते सहसा ‘टस्कनी’ असा एकच रकाना करतात आणि त्यातील गुण मुख्यतः कियांती व मोंताल्चीनो या आतल्या डोंगराळ भागांतील सांजोव्हेसे द्राक्षावर ठरतात. बोल्गेरीत प्रामुख्याने काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो आणि काबर्ने फ्रां, तर थोड्या प्रमाणात पेती व्हेर्दो व सिरा लावलेली आहेत. जात वेगळी, समुद्रापासूनचे अंतर वेगळे आणि तोडणीचे दिवसही वेगळे. सप्टेंबरअखेरचा जो पाऊस आतल्या भागातील सांजोव्हेसेचे नुकसान करतो, तो येईपर्यंत किनाऱ्यावरील मेर्लो टाक्यांमध्ये आंबू लागलेली असते.

एका भागाचे गुण दुसऱ्याला लावल्याने किती फसगत होऊ शकते, याचे बोलके उदाहरण १९७२ हे साल आहे. त्या वर्षी उत्तरेकडील पिडमाँटमध्ये हंगाम इतका वाईट गेला, की तेथील उत्पादकांनी आपल्या वाइनला बारोलो हे तेथील प्रतिष्ठित नाव लावण्याचेही टाळले. त्याच वर्षीच्या सासिकाया या बोल्गेरीच्या वाइनने मात्र १९७८ मध्ये लंडनमध्ये डिकँटर मासिकाने नावे झाकून घेतलेल्या चाचणीत इतर अनेक देशांच्या काबर्ने वाइनना मागे टाकले. म्हणून ‘इटलीचे चांगले साल’ असा शब्दप्रयोग कानावर आला, तर तो बोल्गेरीपुरता बाजूला ठेवावा.

दुसरी पायरी: हंगामाचे हवामान महिन्यांच्या क्रमाने वाचावे

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला वेळ द्यावा. बोल्गेरीच्या पश्चिमेस तिऱ्हेनियन समुद्र आणि पूर्वेस डोंगरांची कमान आहे. दिवसा समुद्रावरून वारा आत येतो, रात्री डोंगरांकडून थंड हवा खाली उतरते. याच देवाणघेवाणीमुळे इतक्या उष्ण भागात ताजेपणा टिकवून धरणारी रेड वाइन होऊ शकते, आणि ज्या वर्षी ती बिघडते ते वर्ष वाइनमध्ये लगेच जाणवते.

सुरुवात हिवाळ्यापासून करावी. हिवाळ्यात व वसंतात पडलेला पाऊस जमिनीत मुरला असेल, तर उन्हाळ्यातील कोरडे आठवडे वेलींना सोसवतात. तो पडलाच नसेल, तर जुलैमध्येच वेली ताणाखाली येतात. मेअखेर व जूनच्या सुरुवातीस फुलोरा असतो. त्या दिवसांत पाऊस झाल्यास मणी कमी धरतात, पण पीक कमी आले म्हणजे दर्जा घसरला असे नव्हे; मोकळ्या घडांत हवा खेळते आणि कूज कमी होते. वसंत फारच ओला गेला, तर मात्र केवडा रोगाची भीती असते. २०२३ मध्ये मध्य व दक्षिण इटलीत केवड्याने मोठे नुकसान केले. अशा वर्षी रोगग्रस्त घड किती काटेकोरपणे वेगळे काढले, यावर बाटलीतील वाइनचा दर्जा ठरतो.

खरी कसोटी मण्यांत पाणी उतरून रंग भरू लागल्यानंतरच्या आठवड्यांत, म्हणजे जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत लागते. तापमान ३५ अंशांच्या वर जाऊन तेथेच राहिले, की वेल पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटून घेते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. मण्यांतील साखरेचे प्रमाण तरीही वाढताना दिसते, कारण मणी सुकून आतला रस आटत असतो. परंतु सालीतील व बियांतील टॅनिन या तुरट द्रव्याची पक्वता मागे पडते, रंगद्रव्ये कमी तयार होतात आणि ताजेपणा देणारे मॅलिक आम्ल झपाट्याने घटते. साखर पुढे आणि टॅनिन मागे, ही ताटातूट उष्ण किनाऱ्यावरील फसलेल्या सालाचे मूळ लक्षण आहे. म्हणून सरासरी तापमानाचा आकडा पाहून थांबू नये. उष्णतेची लाट किती दिवस टिकली, ती मोडणारा पाऊस केव्हा आला आणि रात्री थंड होत्या का, या तीन गोष्टी शोधाव्यात.

अलीकडची काही साले शेजारी ठेवली, की हे स्पष्ट होते. २००३ व २०१७ ही अतिउष्ण व कोरडी वर्षे होती. २०१५ चा जुलैही कडक होता, पण ऑगस्टमधील पावसाने वेलींना वेळेवर आधार दिला. २०१६ चा उन्हाळा कोरडा गेला, तरी हंगामाच्या अखेरीस दिवस व रात्रीच्या तापमानात चांगला फरक राहिला. २०१४ चा उन्हाळा थंड आणि ओला होता. ऑर्नेलाया ही वाइनरी २००६ पासून प्रत्येक सालाला त्याच्या स्वभावानुसार एक शब्द देते: २०१४ साठी ‘सार’, २०१६ साठी ‘ताण’ आणि २०१७ साठी ‘सूर्यमय’ या अर्थांचे इटालियन शब्द तिने निवडले. उत्पादकाचे शब्द अर्थातच उत्पादकाच्या सोयीचे असतात. तरीही ‘सूर्यमय’ हा शब्द २०१७ च्या हंगामाविषयी बरेच काही प्रामाणिकपणे सांगून जातो, असे मला वाटते.

तिसरी पायरी: द्राक्षाची जात आणि जमीन लक्षात घ्यावी

मेर्लो लवकर पिकते. तिची तोडणी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. त्यामुळे ऑगस्टच्या उष्णतेचा पहिला मार तिला बसतो. काबर्ने सोव्हिन्यों सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत, कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वेलीवर असते. तिला उष्णतेनंतरच्या थंड दिवसांचा लाभ मिळतो, पण उशिराच्या पावसाचा धोकाही तीच पत्करते. एकाच साली मेर्लो उत्तम आणि काबर्ने साधारण, किंवा याच्या नेमके उलट, असे घडू शकते. जमिनीमुळे यात आणखी फरक पडतो. चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि कोरड्या वर्षी मेर्लोला तारते. मासेतो ही प्रसिद्ध वाइन निळसर चिकणमातीवरील मेर्लोपासूनच होते. दगडगोट्यांची जमीन पाणी लवकर सोडते, म्हणून ओल्या वर्षी ती वरचढ ठरते.

बोल्गेरीच्या नियमांनुसार काबर्ने सोव्हिन्यों, काबर्ने फ्रां आणि मेर्लो यांचे प्रमाण शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत कितीही ठेवता येते. ज्या जातीला वर्ष मानवले नाही तिचा वाटा कमी करून उत्पादक सालाचा दोष बराचसा झाकू शकतो. सासिकाया या नावासाठीच्या स्वतंत्र नियमांत मात्र किमान ८० टक्के काबर्ने सोव्हिन्यों बंधनकारक आहे. म्हणून दोन सालांतील फरक स्वच्छपणे पाहायचा असेल, तर मोकळ्या मिश्रणापेक्षा अशी बांधील वाइन अधिक प्रामाणिक साक्ष देते.

चौथी पायरी: लेबल तपासावे

मद्यार्काचे प्रमाण पाहावे, पण त्यावर अतिविश्वास ठेवू नये. साधारण १७ ग्रॅम प्रतिलिटर साखरेपासून १ टक्का मद्यार्क तयार होतो, त्यामुळे उष्ण वर्षी आकडा चढतो. मात्र युरोपात छापील आणि प्रत्यक्ष प्रमाणात ०.५ टक्क्याचा फरक चालतो. तेव्हा १४ आणि १४.५ यांवरून निष्कर्ष काढू नये. तुलना नेहमी एकाच वाइनच्या निरनिराळ्या सालांची करावी.

त्यानंतर वर्ग पाहावा. साधी बोल्गेरी रोस्सो (रोस्सो म्हणजे लाल) तोडणीच्या पुढील वर्षी १ सप्टेंबरपासून विक्रीस येऊ शकते, तर सुपेरिओरे या वरच्या वर्गातील वाइन तोडणीनंतरच्या तिसऱ्या वर्षी १ जानेवारीपासून. कठीण वर्षी उत्पादक कमकुवत पिंपे वरच्या वाइनमधून वगळून खालच्या वाइनकडे वळवतात. त्यामुळे महागड्या बाटलीत साल झाकले जाते आणि साध्या बाटलीत ते उघड दिसते. खरेदीचा उपयुक्त नियम यातून निघतो: २०१६ सारख्या सालात साधी रोस्सो निःशंकपणे घ्यावी, अडचणीच्या सालात एक तर निवडक वरची वाइन घ्यावी, नाही तर उत्पादक नीट पारखून घ्यावा.

पाचवी पायरी: दोन साले शेजारी ठेवून चाखावीत

एकाच उत्पादकाची एकच वाइन, एक उष्ण सालाची आणि एक संतुलित सालाची, १६ ते १८ अंशांवर दोन सारख्या ग्लासांत ओतावी. उष्ण सालात ताज्या काळ्या फळांऐवजी सुकवलेल्या मनुकांचा किंवा मुरंब्याचा वास पुढे येतो, घोट गिळल्यावर घशात ऊब राहते आणि टॅनिन जिभेवर कोरडे व खरखरीत लागते. संतुलित सालात फळाचा गर भरपूर असूनही तोंडाला पाणी सुटते, कारण आम्लता शाबूत असते. थंड व ओल्या सालात रंग किंचित फिका, अंग हलके आणि हिरव्या मिरचीसारखा किंवा पाल्यासारखा वास अधिक असतो. या शेवटच्या प्रकाराला अनेक जण दोष मानतात. माझ्या मते काबर्नेमध्ये तो थोडासा असल्यास वाइनला उठाव येतो.

याच चाचणीवरून बाटली किती काळ ठेवायची तेही ठरवता येते. आम्लता कमी आणि फळ पिकून गेलेले असेल, तर वाट पाहण्यात लाभ नाही. हलक्या अंगाची २०१४ सारखी सालेही तुलनेने लवकर उघडावीत. आम्ल, टॅनिन आणि फळ तिन्ही भरपूर असलेल्या २०१६ सारख्या सालाच्या वरच्या वर्गातील बाटल्या मात्र तोडणीपासून किमान दहा वर्षे अंधाऱ्या, थंड जागी आडव्या ठेवाव्यात.