अमेरिकन फुटबॉलपटूची कारकीर्द कशी तपासावी : क्लिंट डेम्प्सीच्या आधारे

प्रीमियर लीग पाहणाऱ्या वाचकाला अमेरिकन फुटबॉलपटूच्या आकडेवारीचा तक्ता काहीसा गोंधळात टाकतो, कारण त्यामागची व्यवस्थाच निराळी आहे. ती व्यवस्था आधी समजून घ्यावी आणि मगच गोल मोजावेत. टेक्सासमधील नाकोगडोचेस येथे १९८३ साली जन्मलेल्या क्लिंट डेम्प्सीची कारकीर्द यासाठी सोयीची आहे, कारण अशा तक्त्यात अडखळण्याच्या बहुतेक जागा तिच्यात सापडतात.

पहिली पाहायची गोष्ट म्हणजे व्यावसायिक पदार्पणाचे वय. युरोपात सतराव्या-अठराव्या वर्षी करार होतात. डेम्प्सी मात्र दक्षिण कॅरोलायनातील फर्मन विद्यापीठाकडून खेळून २००४ मध्ये मेजर लीग सॉकर (एमएलएस) या अमेरिकेतील सर्वोच्च फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये आला. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. तेथे पैशांची बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने खेळाडू निवडतात आणि आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना साधारणपणे आधी पाळी मिळते. शिवाय करार क्लबशी नव्हे, तर लीगशी होतो. न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनने आठव्या क्रमांकावर निवडलेला डेम्प्सी त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला, म्हणून निवडीच्या क्रमांकाला फार वजन देऊ नये.

त्यानंतर हंगामाचा रकाना नीट पाहावा. डेम्प्सीच्या काळात अमेरिकेचा हंगाम वसंतात सुरू होऊन वर्षाअखेर संपत असे, म्हणून तेथे ‘२००५’ असा एकच आकडा दिसतो, तर इंग्लंडमध्ये ‘२०११–१२’ अशी जोडी दिसते. २०१३ साली खरी तारांबळ उडते : टॉटनहॅमबरोबरचा हंगाम संपवून तो ऑगस्टमध्ये सिॲटल साउंडर्सकडे गेला, अमेरिकेतील हंगाम संपल्यावर हिवाळ्यात सुमारे दोन महिन्यांसाठी उसनवारीवर फुलहॅमला परतला आणि पुन्हा सिॲटलला गेला. अशा वेळी वर्षांवर विसंबू नये. महिने लिहून काढावेत.

फुलहॅमचा पहिला कालखंड (२००७–२०१२) सर्वांत सावकाश वाचावा. २००७ च्या मे महिन्यात लिव्हरपूलविरुद्ध त्याने केलेल्या एकमेव गोलाने संघाला पदावनतीतून, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून, वाचवले. तक्त्यात मात्र त्या हंगामापुढे फक्त ‘१’ दिसतो. १८ मार्च २०१० रोजी युरोपा लीगमध्ये युव्हेंटसविरुद्धही असेच झाले. तुरिनमध्ये १–३ अशी हार पत्करून आलेल्या फुलहॅमने परतीच्या सामन्यात सुरुवातीलाच गोल खाल्ला होता. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या डेम्प्सीने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून चेंडू अलगद उचलून गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला, तेव्हा त्या सामन्याचा निकाल ४–१ आणि दोन्ही सामन्यांचा एकत्रित निकाल ५–४ झाला. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या गोलासमोर सामन्याची स्थिती टिपून ठेवावी. निव्वळ संख्येच्या दृष्टीने २०११–१२ हा त्याचा इंग्लंडमधील सर्वोत्तम हंगाम होता. त्यात त्याने लीगमध्ये १७ गोल केले, आणि तेही बहुतांशी मध्यरक्षकाच्या भूमिकेतून, ही बाब माझ्या मते आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

विजेतेपदांची यादी दोनदा तपासावी. अमेरिकेत साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला सपोर्टर्स शील्ड मिळते, तर विजेता बाद फेरीनंतरच्या एमएलएस कप सामन्यात ठरतो. सिॲटलने २०१४ मध्ये शील्ड आणि यूएस ओपन कप जिंकले. एमएलएस कप आला तो २०१६ मध्ये, पण हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे डेम्प्सी तेव्हा मैदानाबाहेर होता. (त्या अंतिम सामन्यात सिॲटलने १२० मिनिटांत गोलच्या रोखाने एकही फटका मारला नव्हता आणि तरीही पेनल्टींवर बाजी मारली!) असे विजेतेपद नोंदवावे, परंतु कामगिरीच्या हिशेबात धरू नये. २०१७ मध्ये तो परतला आणि लीगचा पुनरागमनाचा पुरस्कार त्याला मिळाला.

राष्ट्रीय संघाचा हिशेब नेहमी स्वतंत्र ठेवावा. २००६, २०१० आणि २०१४ अशा तिन्ही विश्वचषकांत डेम्प्सीने गोल केले. त्यांपैकी घानाविरुद्धचा २०१४ मधील गोल सामन्याच्या पहिल्याच मिनिटात झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ५७ आंतरराष्ट्रीय गोल होते, म्हणजे अमेरिकेच्याच लँडन डोनोव्हनइतकेच. येथे सामन्यांचा रकानाही जोडून वाचावा : डोनोव्हनला त्यासाठी १५७ सामने लागले, डेम्प्सीला १४१.