हवाई दलात वैमानिक व्हायचंय? दहावीतच बघून ठेवा

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींचा अभ्यास घेतो. बारावीचा निकाल लागला की कुणीतरी हमखास येतं आणि फायटर पायलट व्हायचंय म्हणतं. अशा वेळी मी गुण विचारत नाही. विचारतो ते एवढंच की गणित घेतलं होतंस का, आणि चष्मा आहे का. या दोन उत्तरांवर पुढची बरीचशी वाट ठरते, आणि दोन्ही गोष्टी दहावीतच कळू शकतात.

हवाई दलासाठी एनडीएला बसायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. डॉक्टरकी हाताशी असावी म्हणून गणित सोडून जीवशास्त्राचा ग्रुप घेतला, तर पदवीनंतरही अडचण येते. एफकॅट, म्हणजे पदवीधरांसाठीची हवाई दलाची प्रवेश परीक्षा, देऊन फ्लाइंग ब्रँचला म्हणजे वैमानिकांच्या शाखेला जायचं असेल तर कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, पदवीला 60% लागतात. पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी 50% हवेतच. म्हणजे गणितासह बारावी करून पुढे बी.कॉम. झालेला मुलगा अर्ज भरू शकतो आणि बारावीला गणित नसलेला बी.एस्सी. भरू शकत नाही. अकरावीचा फॉर्म भरताना घरात हे बोललं गेलं पाहिजे. जीवशास्त्र सोडवत नसेल तर चारही विषय घ्या, पण गणित ठेवा.

आता डोळे. एनडीएतून वैमानिक व्हायचं असेल तर लांबचं दिसण्यासाठी लागणारा चष्मा चालत नाही. एक डोळा 6/6 आणि दुसरा किमान 6/9 लागतो. रंगांची ओळख पहिल्या प्रतीची हवी, त्याला तिथे सीपी-वन म्हणतात. रंगांधळेपणा असणाऱ्या बहुतेक मुलांना तो असल्याचं माहीतच नसतं, कारण रोजच्या जगण्यात काही अडत नाही. दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केलेला, मुलाखतीतून निवडला गेलेला मुलगा रंगांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांतले आकडे न वाचता आल्यामुळे परत आलेला मी पाहिला आहे. नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होणारी ही तपासणी क्लासची फी भरण्याआधी करून घ्या, असं मी प्रत्येक पालकाला कळकळीने सांगतो.

चष्म्याचा नंबर लेझरने घालवला तर? एनडीएच्या वाटेवर तो उपाय नाही. पदवीनंतरच्या प्रवेशांत मात्र वयाच्या विशीनंतर केलेलं लेसिक काही अटींवर स्वीकारतात. त्यामुळे सोळाव्या वर्षी घाईने ऑपरेशन करून घेऊ नका.

शरीराची मापंही असतात. उंची किमान 162.5 सेंमी, पायाची लांबी 99 ते 120 सेंमी, मांडीची लांबी 64 सेंमीपेक्षा जास्त नको. शेवटचं माप मुलांना विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. लढाऊ विमानातून आसनासकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटता कामा नयेत.

एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं आणि बारावीत शिकत असतानाही बसता येतं. गणिताचे 300 गुण, सामान्य क्षमता चाचणीचे 600, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमाच्या मुलांनी नुसत्या या कारणाने मागे सरू नये. गणिताच्या पेपरात भाषा फार कमी आणि अडीच तासांत 120 प्रश्न सोडवण्याचा वेग फार महत्त्वाचा. तो वेग सरावाने येतोच.

लेखीनंतर एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळासमोरची निवड चाचणी. पाच दिवस, आणि पहिल्याच दिवशी चाळणी होऊन बरेच जण घरी परततात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं, मुलाखत. एका चाचणीत पडद्यावर एकेक शब्द दिसतो आणि पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. पाठ केलेली वाक्यं इथे टिकत नाहीत, कारण कागदावरचा मुलगा, मैदानावरचा मुलगा आणि मुलाखतीतला मुलगा एकच आहे का हे तीन वेगवेगळे अधिकारी बघत असतात. माझ्या अनुभवात जी मुलं घरात कामं करतात, खो-खो किंवा कबड्डी खेळतात, गणपती मंडळात जबाबदारी घेतात, ती क्लासमध्ये घडवलेल्या मुलांपेक्षा तिथे मोकळी वागतात. नापास झालात तर पुन्हा बसता येतं.

सीपीएसएसचं तसं नाही. वैमानिकाची नैसर्गिक क्षमता तपासणारी ही संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. उपकरणांच्या तबकड्या वाचणं, हात आणि पाय एकाच वेळी वेगवेगळ्या कामाला लावणं असं त्याचं स्वरूप. इथे अपयश आलं तर फ्लाइंग ब्रँच कायमची संपते, भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखा मात्र उरतात. म्हणून आदल्या रात्री जागरण नको, ताप असेल तर तिथल्या अधिकाऱ्यांना आधी सांगा, आणि सूचना पूर्ण ऐका.

एनडीएत, म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासल्यात तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत प्रत्यक्ष उड्डाण. फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर हे तिथल्या कामगिरीवर आणि दलाच्या गरजेवर ठरतं, अर्जावर लिहिलेल्या आवडीवर नाही. एनडीएचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं. त्यामुळे खासगी फ्लाइंग क्लबचं महागडं लायसन्स काढल्याशिवाय हवाई दलात घेत नाहीत, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

लहानपणापासून तयारी हवी असेल तर सातारा आणि चंद्रपूरला सैनिक स्कूल आहे, सहावी आणि नववीत प्रवेश मिळतो. दहावीनंतर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय ही एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था 1977 पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला सुरू झाली आहे. मुलींच्या पालकांना मी वर्षं मुद्दाम सांगतो: हवाई दलात पहिल्या तीन महिला फायटर वैमानिक 2016 मध्ये झाल्या, एनडीएची परीक्षा मुलींना 2021 मध्ये खुली झाली आणि मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यातून बाहेर पडली. "मुलींना घेतात का?" या प्रश्नावर आता वेळ घालवायला नको.

एनडीए हुकली म्हणून रडत बसलेल्या मुलांना मी कॉलेजात एनसीसी घ्यायला लावतो, जमलं तर एअर विंगच. एअर विंगचं 'सी' सर्टिफिकेट असेल तर फ्लाइंग ब्रँचसाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची वाट आहे. शिवाय सीडीएस (पदवीधरांसाठीची यूपीएससीची परीक्षा) आणि एफकॅट दोन्ही वर्षातून दोनदा होतात, वय 20 ते 24. एफकॅटमधली फ्लाइंगची नोकरी 14 वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसची असते, हे आधीच समजून घ्या.

आणि हेलिकॉप्टरची ओढ असणाऱ्यांनी भूदलाकडेही बघावं. भूदलातला अधिकारी पुढे आर्मी एव्हिएशनसाठी, म्हणजे भूदलाच्या स्वतःच्या हवाई शाखेसाठी, नाव देऊ शकतो. तिथेही अभियोग्यता चाचणी आणि वेगळी वैद्यकीय तपासणी असतेच. हे प्रशिक्षण आपल्या नाशिकरोडला होतं. 2022 मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांनी तिथूनच विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळवल्या, भूदलातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून.