डीएपीची गोणी फोडण्याआधी स्फुरद तपासा

रावेर-यावलच्या केळीच्या वावरात दरवर्षी सवयीने डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत पडतं. ते ज्या स्फुरदाच्या खडकापासून बनतं, त्यातच थोडं कॅडमियम हा विषारी धातू असतो, तो खतातून जमिनीत उतरतं आणि तिथेच राहतं. युरोपातली मर्यादा किलोभर स्फुरदामागे ६० मिलिग्रॅम आहे. ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद, म्हणजे त्या मर्यादेतल्या मालातूनही १.४ ग्रॅमपर्यंत कॅडमियम येऊ शकतं.

आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या आसपास. त्यामुळे पीक कॅडमियम कमी उचलतं. ही आपली जमेची बाजू. पण जस्त कमी पडलं किंवा बोअरचं पाणी खारट असलं, की उचल वाढते.

वावरात आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे, वीतभर खोल खड्डे घ्या आणि कडेची माती प्लास्टिकच्याच घमेल्यात गोळा करा. जस्ताच्या बादलीत घेतली तर अहवालात जस्त फुगतं! माती परीक्षणाला देताना ऑल्सेन स्फुरद (पिकाला मिळू शकणारं स्फुरद), जस्त, सामू तपासून मागा. कॅडमियम हवं असेल तर वेगळं सांगावं लागतं. स्फुरद ‘जास्त’ आलं तर यंदा डीएपी निम्म्यावर आणा, सोबत स्फुरद विरघळवणारे जिवाणू द्या. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर एकरी ८-१० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून टाका. डीएपीत कालवू नका, जस्त आणि स्फुरद एकमेकांना बांधून ठेवतात, पिकाला मिळत नाहीत.