मोठी संख्या फोडताय? आधी या चुका टाळा

आपल्या इंदूरच्या जीपीओचा पिनकोडच घ्या, ४५२००१. शेवटी १ आहे, २ नं जात नाही, ५ नं जात नाही, की मुलं लगेच लिहून मोकळी, मूळ संख्या, म्हणजे शाळेत अभाज्य म्हणतात ती. असं करू नका. आकड्यांची बेरीज १२, म्हणजे ३ नं जाते आणि १५०६६७ उरतात. १२ ला ९ नं भाग जात नाही, तेव्हा दुसरा ३ शोधत बसायचं नाही. आणि ही बेरजेची युक्ती ३ आणि ९ साठीच आहे हं, ७ ला सरळ भागूनच बघायचं (१५०६६७ ला भागलं तर बाकी ६ येते).

खरी गडबड ११ ला होते. १५०६६७ मध्ये उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करा, ७-६+६-०+५-१, उत्तर ११. बरीच मुलं शून्य नाही आलं म्हणून इथे सोडून देतात, अरे पण ११ आलं, २२ आलं, ११ च्या पाढ्यातलं काहीही आलं तरी भाग जातोच! भागा, १३६९७ येतात.

आता थांबायचं कुठे? उरलेल्या संख्येच्या वर्गमुळाशी: ११७ चा वर्ग १३६८९, म्हणजे १३६९७ चं वर्गमूळ ११७ च्या जरासंच वर, तेव्हा ११३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. काही जण पहिल्या ४५२००१ चं वर्गमूळ धरून ६७२ पर्यंत जातात, ती फुकटची मेहनत, पण मध्येच कंटाळणं त्याहून वाईट. ग्वाल्हेरचा ४७४००१ बघा, ११ काढला की ४३०९१, त्याला ३१ नं भागलं तर बाकी १, ३७ नं २३, आणि इथे पेन खाली ठेवलं की उत्तर चुकलं, कारण लगेच पुढचा ४१ बरोब्बर जातो, ४१×१०५१. फर्मासारख्या थोर गणितज्ञाला ४२९४९६७२९७ मूळ वाटली होती, ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञानं १७३२ मध्ये ती ६४१ नं जाते हे दाखवलं.

१३६९७ मात्र मूळच निघते, म्हणून ४५२००१ = ३×११×१३६९७. विभाजक किती विचारलं तर ३ लिहू नका, प्रत्येक घातांकात (इथे तिन्ही १) १ मिळवून गुणायचं, २×२×२ = ८. यात १ आणि ती संख्या स्वतः दोन्ही येतात, तेच विसरतात सगळे.

संख्या फार मोठी असेल तर एक्सेलवर विसंबू नका, ते १५ च आकडे धरतं, सोळावा चक्क ० करून टाकतं, मग विषम संख्याही सम दिसते. पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) पूर्णांक कितीही मोठा असला तरी नीट सांभाळतं, फक्त भागाकाराला दोन स्लॅश द्या, एकच दिलात तर उत्तर दशांशात जातं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे आकडे तिथेही बिघडतात.