कॅन्सर एपिडेमिऑलॉजीत यायचंय? आधी नोंद करायला शिका

कॅन्सर कुणाला, कुठे आणि किती होतो याचा अभ्यास म्हणजे कॅन्सर एपिडेमिऑलॉजी. या क्षेत्रात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘आर शिकू की स्टाटा?’ हाच असतो. ही दोन्ही आकडेवारीच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअर. कुठलंही शिका, काही महिन्यांत हात बसतो. वर्षं लागतात ती दुसऱ्याच गोष्टीला: एक रुग्ण एकदाच, त्याच्या खऱ्या गावात आणि नेमक्या अवयवाखाली मोजायला.

वाट कुठूनही सुरू होते. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, नर्सिंग, संख्याशास्त्र, काहीही चालतं. पुढे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं तर चेन्नईला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एपिडेमिऑलॉजी संस्था आहे, तिरुवनंतपुरमला अच्युत मेनन केंद्र, मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था). खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर एपिडेमिऑलॉजी केंद्र आहे. पण पदवी कुठलीही असो, सुरुवातीचे काही महिने एखाद्या कॅन्सर नोंदणीत, म्हणजे ठरावीक भागातला प्रत्येक कॅन्सर रुग्ण नोंदवणाऱ्या केंद्रात, काढाच.

बार्शीची नोंदणी 1987 पासून चालू आहे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. आपल्याकडे रुग्णाची माहिती आपोआप नोंदणीपर्यंत येईल असं धरून चालत नाही. माणसांना रुग्णालयं, पॅथॉलॉजी लॅब आणि मृत्यूनोंदी पालथ्या घालाव्या लागतात.

घोळ होतो तो इथे. बायोप्सीच्या रिपोर्टवर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं. एकीकडे ‘मंगल’, दुसरीकडे ‘मंगलाबाई’. वय तर हमखास 50, 55, 60 असं गोल आकड्यात. म्हणून नुसत्या नावावरून जुळवणी करू नका. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव, अवयव आणि बायोप्सीची तारीख एकत्र बघा. वयात पाच वर्षांचा फरक दिसला म्हणून लगेच ‘दुसरी व्यक्ती’ ठरवू नका. उलट घाईघाईत दोन बायकांची एक नोंद केली, तर एक रुग्ण कायमचा हरवतो. परांड्याचा माणूस पुण्यात भावाकडे राहून उपचार घेतो आणि पत्ता पुण्याचा देतो. ‘इथे वर्षभरापासून राहता का?’ एवढं विचारलं नाही, तर पुण्याचा आकडा फुगतो आणि परांड्याचा घटतो. कोडिंगचंही, म्हणजे आजाराला ठरलेला आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांक देण्याचंही, तसंच. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर सी06.0. नुसतं ‘तोंडाचा कॅन्सर’ लिहून सी06.9 टाकणं हा अगदी शेवटचा उपाय. यकृतात गाठ दिसली म्हणून यकृताचा कॅन्सर लिहू नका, मूळ गाठ कुठली ते शोधा.

प्रश्नावली हा दुसरा खड्डा. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की रोज सकाळी मशेरी लावणारी बाई खरेपणानेच ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मशेरी दात घासायची असते. मशेरी, तपकीर, गुटखा, मावा, चुना-तंबाखू, विडी यांची नावं घेऊन वेगवेगळं विचारा: कितव्या वर्षापासून, दिवसातून किती वेळा, सोडली असेल तर कधी. आणि हे सासूसमोर विचारू नका.

दारात गेल्यावर ‘कॅन्सर’ हा शब्द आपण आधी उच्चारायचा नाही. अनेक घरांत रुग्णाला आजाराचं नाव सांगितलेलं नसतं, आणि शेजारी तर लगेच गोळा होतात. ‘आरोग्याच्या नोंदीसाठी आलोय’ म्हणा आणि आत बसल्यावर आधी घरच्यांना काय ठाऊक आहे ते समजून घ्या. मृत्यू झालेल्या घरी तेराव्याच्या आत जाऊ नका.

मग येतं विश्लेषण. तालुक्यात वर्षभरात 25 रुग्ण सापडले, तर त्यामागची खरी सरासरी साधारण 16 ते 37 मध्ये कुठेही असू शकते. पुढच्या वर्षी 32 झाले की ‘कॅन्सर वाढला’ अशी बातमी होते. तुम्ही ती होऊ देऊ नका. तीन-पाच वर्षं एकत्र करा आणि वयानुसार प्रमाणित दर, म्हणजे वयोरचनेतला फरक काढून टाकलेला दर, काढा. म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण जास्त असलेल्या तालुक्याचा साधा दर तसाही जास्तच येतो.

आता आयुष्याबद्दल. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 52 गावसमूहांतल्या 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला. 1999 मध्ये सुरू झालेल्या या कामाचा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला: एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एका उत्तराला दहा वर्षं लागली, आणि नोकऱ्या मात्र बहुतेक प्रकल्पावरच्या, दोन-तीन वर्षांच्या कराराच्या. हा मेळ कसा घालायचा ते आधीच ठरवा. पीएचडी स्वतःच्या दीर्घ पाठपुराव्यावर बेतू नका, नोंदणीत किंवा जुन्या कोहॉर्टमध्ये (वर्षानुवर्षं पाठपुरावा झालेल्या लोकांच्या गटात) जमलेल्या माहितीवर करा. एथिक्स समितीची मंजुरी मिळायला महिने जातात. परदेशी संस्था सोबत असेल तर सरकारी छाननी वेगळी. त्या काळात पगार कुठून येणार, हे रुजू होण्यापूर्वी लेखी विचारा.

घरच्यांनाही दिवसाचा क्रम सांगून ठेवा. सुगीत माणसं शेतावर असतात, मुलाखती सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच मिळतात. लहान मूल असेल तर फील्डचे दिवस सलग लावून घ्या, बाकीचा आठवडा ऑफिसात काढता येतो. आणि मृत्यू झालेल्या घरच्या मुलाखती एका दिवसात दोनाहून जास्त घेऊ नका. तिसऱ्या घरात आपलं लक्ष राहत नाही, आणि त्या घराला ते लगेच कळतं.