मत्स्यशेतीचं धोरण लिहायचंय? आकड्याचं पान शेवटी ठेवा

पहिलं धोरण लिहायला बसले तेव्हा पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत उद्दिष्ट टाकलं होतं: दहा वर्षांत उत्पादन दुप्पट. त्याआधीची चौदा वर्षं मी तलावांचं आणि खाड्यांचं पाणी तपासत हिंडले होते, म्हणजे मला तरी कळायला हवं होतं. मसुदा दाखवायला कालवं, म्हणजे खाण्याचे शिंपले, वाढवणाऱ्या एका आजींकडे गेले. त्यांनी पहिलं पान वाचलं, पुढची वीस पानं बोट ओलं करत चाळली आणि विचारलं, "यात वरच्या वस्तीचं सांडपाणी कुठंय?"

नव्हतं. सांडपाणी दुसऱ्या खात्याचं, म्हणून मी त्याला हातच लावला नव्हता. "मग दुप्पट कशाचं करणार? आजाराचं?" असं म्हणून त्यांनी कागद परत दिले.

तेव्हापासून चार-पाच मसुद्यांवर काम झालं. तुमच्याकडे असं काम आलं असेल, मग ते एका तालुक्याचं असो की देशाचं, तर मला जे उशिरा कळलं ते इथे सांगते.

मत्स्यशेती वाढवायची की नाही, यावर पानं घालवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात पहिल्यांदाच पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पकडलेल्यांपेक्षा जास्त झालं: ९४.४ दशलक्ष टन, म्हणजे एकूण उत्पादनाच्या ५१ टक्के. पण नुसती इच्छा आणि पैसा असून भागत नाही, हेही दिसलंय. युरोपीय संघाने २०१३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२१ मध्ये २०३० पर्यंतची नवी काढली, निधी वाढवला. आणि २०२३ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की पैसा वाढला तरी उत्पादन जागच्या जागी आहे. हा अहवाल मसुदा समितीच्या पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवावा असा आहे.

आधी पाण्याचा हिशोब

कागद-पेन्सिल घ्या. तज्ज्ञ नेमण्याआधी हा हिशोब स्वतः एकदा करा, कारण नंतर तज्ज्ञ काय बोलतोय ते त्यामुळेच कळतं.

समजा, खाद्यात ३२ टक्के प्रथिनं आहेत. प्रथिनांत साधारण सहावा हिस्सा नायट्रोजन असतो. म्हणजे एक टन खाद्यात सुमारे ५१ किलो नायट्रोजन. एक किलो मासा वाढवायला दीड किलो खाद्य लागत असेल, तर एक टन माशांमागे ७७ किलो नायट्रोजन खाद्यातून येतो. माशाच्या अंगात त्यातला २७ किलोच्या आसपास राहतो. उरलेला ५० किलो विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात जातो. ५०० टनांचा पिंजरा प्रकल्प असेल, तर वर्षाला २५ टन नायट्रोजन.

आता खाद्याचं प्रमाण दीडवरून १.८ करा. तोच मासा, तेवढंच उत्पादन. पण पाण्यात जाणारा नायट्रोजन टनामागे ५० वरून ६५ किलोवर गेला. म्हणून "इतकेच पिंजरे" किंवा "इतकेच हेक्टर" अशी मर्यादा घालू नका. मर्यादा खाद्यावर घाला, किंवा पाण्यात सोडलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. डेन्मार्कने १९८९ मध्ये गोड्या पाण्यातल्या ट्राउटच्या शेतांना खाद्याचा कोटा लावला. पुढे कोट्याऐवजी बाहेर पडणाऱ्या प्रदूषणावर मर्यादा घालण्याकडे ते वळले. याचा फायदा असा की जो पाणी गाळून, शुद्ध करून सोडतो त्याला जास्त मासा वाढवता येतो. पर्यावरण आणि नफा एकाच दिशेने ओढतील अशी कलमं फार थोडी सापडतात. हे त्यातलं एक आहे, ते सोडू नका.

पाण्याची धारणक्षमता, म्हणजे ते किती मत्स्यशेती पेलू शकतं, हे सरासरीवर ठरवू नका. मी एकदा एका मोठ्या तलावावर दुपारी दोनला विरघळलेला प्राणवायू मोजला होता: लिटरला ९ मिलिग्रॅम. मालक खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, अंधारातच, त्याच कोपऱ्यात मीटर सोडला तर २.६. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. रात्रभर शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट खातं. त्यामुळे सूर्योदयाच्या आसपास पाणी सगळ्यात गरीब असतं. धोरणात एवढं एकच वाक्य घाला: मोजणी पहाटेची, आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यातली. सल्लागार कुरकुर करतील.

शिंपल्यांना खाद्य घालावं लागत नाही, म्हणून तिथे मर्यादा नको असं बऱ्याच जणांना वाटतं. फ्रान्सच्या मारेन-ओलेरोन उपसागराचा अनुभव वेगळा आहे. तिथे कालवांची संख्या वाढत गेली तशी प्रत्येक कालवाची वाढ मंदावत गेली. पाण्यातलं प्लवक, म्हणजे कालवं खातात ते तरंगणारे सूक्ष्म जीव, तेवढंच होतं, खाणारी तोंडं वाढली. आणि १९७० च्या सुमारास तिथलं 'पोर्तुगीज' जातीचं कालव रोगाने जवळजवळ संपलं.

जागा तुम्ही ठरवा, नाहीतर न्यायालय ठरवेल

भारतात १९९० च्या दशकात कोळंबीचे तलाव किनाऱ्यावर भराभर खोदले गेले, नियम मागून आले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातले तलाव हटवायचा आदेश दिला. स्वतंत्र कायदा आणि त्याखालचं प्राधिकरण यायला २००५ उजाडलं. मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून तलाव खोदले होते, त्यांचा दोष एवढाच की त्यांना कोणी नकाशा दाखवला नव्हता.

म्हणून नकाशा आधी करा. त्यावर मासेमारीच्या जागा, होड्यांचे मार्ग, कांदळवन, पिण्याच्या पाण्याचे उपसे, सांडपाण्याची तोंडं हे सगळं दाखवा. मग उरलेल्या जागेत मत्स्यशेतीचे पट्टे आखा. पट्टा जाहीर करण्याआधी पारंपरिक मासेमारांना बोलवा, आणि तेही हंगामाच्या ऐन धांदलीत नको. मी एकदा अशी सभा चुकीच्या आठवड्यात ठेवली; सातच माणसं आली, आणि पुढे दोन वर्षं "आम्हाला विचारलंच नाही" हे ऐकत बसले. त्यांचं बरोबर होतं.

परवान्याची फाईल पायी फिरवून बघा

एका अर्जदाराबरोबर मी त्याची फाईल घेऊन फिरले होते. नऊ टेबलं. एकच नकाशा चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या प्रमाणांत मागितला. सहाव्या टेबलावर पोहोचेपर्यंत दुसऱ्या टेबलाच्या दाखल्याची मुदत संपली होती. युरोपातसुद्धा परवान्याला दोन-तीन वर्षं लागणं नवीन नाही; तिथल्या मार्गदर्शक तत्त्वांत परवान्याचा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो तो उगाच नाही.

इथे कलम लहान असावं. अर्ज एकाच ठिकाणी. बाकी खात्यांशी ते कार्यालय बोलेल. प्रत्येक खात्याला दिवस मोजून द्या. पट्ट्याचा पर्यावरण अभ्यास सरकारने एकदाच करावा, म्हणजे दोन हेक्टरच्या माणसाला तोच अभ्यास स्वतःच्या खर्चाने पुन्हा करावा लागत नाही. परवान्याची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब हवी, नाहीतर बँक दारात उभं करत नाही. आणि नकार द्यायचा तर कारण लेखी.

रोगाचं प्रकरण सगळ्यात लांब झालं तरी चालेल

माझ्या मते धोरणाची खरी परीक्षा इथे होते. जमिनीवर शेजाऱ्याच्या पिकावर कीड आली तर मध्ये निदान बांध असतो. पाण्यात बांध नाही. तुमचं शेत कितीही स्वच्छ असो, भरतीबरोबर शेजाऱ्याचा विषाणू तुमच्या पिंजऱ्यात येतो.

चिलीमध्ये २००७ मध्ये सॅल्मनचा संसर्गजन्य रक्तक्षय पसरला आणि अटलांटिक सॅल्मनचं उत्पादन काही वर्षं कोसळलं. शेतं एकमेकांना खेटून होती, पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. त्यानंतर त्यांनी कायदा बदलला: शेतांचे गट, म्हणजे 'मोहल्ले' केले आणि अख्ख्या मोहल्ल्याने एकाच वेळी मासे काढून पाणी पड टाकायचं ठरलं. शेतकऱ्याला पड टाकणं समजावून सांगावं लागत नाही. फक्त सगळ्यांनी एकाच वेळी टाकायची, हे कलमात हवं.

नॉर्वेने २०१७ पासून किनाऱ्याचे १३ विभाग करून सिग्नलसारखी पद्धत लावली. शेतांतल्या उवांचा, म्हणजे सॅल्मनला चिकटणाऱ्या परजीवींचा, जंगली सॅल्मनवर किती परिणाम होतो ते बघायचं. हिरव्या विभागात सहा टक्के वाढ, पिवळ्यात जैसे थे, लालमध्ये सहा टक्के कपात. यातही वाद आहेत. स्वतः काळजी घेणारा माणूस लाल विभागात असेल तर त्यालाही फटका बसतो. तरीही मला ही पद्धत आवडते, कारण शेजारी एकमेकांवर लक्ष ठेवायला लागतात.

प्रतिजैविकांचंही इथेच लिहा. १९८७ मध्ये नॉर्वेची मत्स्यशेती सुमारे ५० टन प्रतिजैविकं वापरत होती. लस आली आणि हा वापर अगदी नगण्य झाला, उत्पादन मात्र कित्येक पटींनी वाढलं. म्हणजे "प्रतिजैविकांवर बंदी" एवढंच लिहून थांबू नका. लस, निदान प्रयोगशाळा आणि रोगमुक्त बीज यांसाठी पैसे त्याच पानावर दाखवा. मत्स्यबीज कुठून आलं याची पावती नसेल, तर बाकी सगळे नियम वाया. बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, पिशवीत भरून येते तेव्हा पिशवीतल्या पाण्याबरोबर रोगही येतो. मी पाहिलेल्या दोन मोठ्या साथींची सुरुवात अशाच स्वस्त पिशव्यांतून झाली. शिवाय रोग कळवणाऱ्याला भरपाई द्या. नाहीतर तो रात्रीच मासे काढून विकतो आणि तुम्हाला कळतं ते महिन्याभराने.

पिंजरे फुटून मासे पळण्याचं कलम याच प्रकरणात घाला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एक पिंजरा संच कोसळून लाखोंच्या घरात अटलांटिक सॅल्मन सुटले. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने अशी शेती टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा केला. देखभालीतल्या हयगयीमुळे अख्खा धंदा कसा बुडतो ते समजावायला हे उदाहरण पुरे. दोर, नांगर, जाळी यांचं मानक ठरवा आणि तपासणी बाहेरच्या माणसाकडून करून घ्या.

शिंपल्यांना वेगळं प्रकरण

माशांच्या प्रकरणात 'आणि शिंपले' असे दोन शब्द जोडून मोकळं होऊ नका. मासेवाल्यापासून पाणी वाचवायचं असतं. शिंपलेवाल्याचं उलट, त्याला बाकीच्यांपासून पाणी वाचवून द्यायचं असतं. कालव दिवसभर पाणी गाळत राहतं, आणि पाण्यात जे आहे ते स्वतःत साठवतं.

म्हणून पाण्याचे वर्ग करा. युरोपात शंभर ग्रॅम मांसात ई. कोलाय जंतू बहुतांश नमुन्यांत २३० च्या आत असले तर वर्ग 'अ', शिंपले थेट विक्रीला. ४,६०० च्या आत असले तर वर्ग 'ब': आधी शुद्धीकरणाच्या टाकीत किंवा स्वच्छ पाण्यात ठेवून मगच विक्री. मोठा पाऊस पडला, गटार भरून वाहिलं, की काढणी आपोआप बंद, आणि तपासणी चांगली आली की आपोआप सुरू. 'आपोआप' हा शब्द कलमात ठेवा, नाहीतर सही करणारे साहेब रजेवर असतात.

जंतूंबरोबर विषारी शेवाळाचीही तपासणी हवी. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले, काही दगावले, काहींची स्मृती कायमची गेली. शिंपले दिसायला ताजेतवाने होते आणि शिजवल्याने ते विष जात नव्हतं. त्या विषाची, म्हणजे डोमोइक आम्लाची, तपासणी त्यानंतर सुरू झाली. ही तपासणी शेतकऱ्याच्या खिशातून करायला लावली तर लहान माणूस पहिल्या हंगामातच बाहेर पडेल. माझं मत स्पष्ट आहे: पाणी सार्वजनिक, तर तपासणीचा खर्चही सार्वजनिक.

आणि आजींचं सांडपाणी? त्यासाठी पट्ट्याच्या वरच्या बाजूच्या नगरपालिकेची सही घ्या. शुद्धीकरण कधी होणार, तारीख घाला. सही मिळत नसेल, तर तिथे शिंपल्यांचा पट्टा दाखवूच नका.

स्पर्धेबद्दल थोडं

समित्यांना या शब्दाचं फार प्रेम. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं काम वर होऊन गेलंय: पटकन परवाना, कमी मर, कमी खाद्य. उरलं ते लहान शेतकऱ्यांचे गट (बर्फ, वाहतूक, खाद्यखरेदी एकत्र), आयात मालालाही तेच अन्नसुरक्षेचे नियम, आणि माल कुठला हे लेबलवर. तलाव खोदण्यासाठीचं अनुदान लिहायला सोपं आणि फोटोला चांगलं, म्हणून ते प्रत्येक मसुद्यात शिरतं. मी ते खोडते. तेच पैसे प्रयोगशाळेला आणि गावोगाव फिरणाऱ्या मत्स्यवैद्याला द्या.

आता आकडा. पट्ट्यांची धारणक्षमता बेरीज करा, त्यातून सध्याचा वापर वजा करा, उरेल ते तुमचं उद्दिष्ट. माझ्या दुसऱ्या मसुद्यात 'दुप्पट'चं 'दहा वर्षांत तीस टक्के' झालं आणि वरिष्ठांचा चेहरा पडला. उत्पादनाशेजारी मेलेल्या माशांची टक्केवारी, टनामागे खाद्य, परवान्याला लागलेले दिवस आणि बंद पडलेल्या शेतांची संख्या हे आकडेही छापा, दर दोन वर्षांनी.

मसुदा पाठवण्याआधी एक दिवस राखून ठेवा. परवान्याचा अर्ज छापून घ्या आणि स्वतः भरा, दोन हेक्टरचा मालक आहोत असं समजून. मी भरला तेव्हा चौथ्या रकान्यावर अडले. तिथे मागितलेला दाखला कोणतं कार्यालय देतं, हे मसुद्यात कुठेच नव्हतं, आणि तो रकाना मीच घातला होता.