लहान मुलांसाठी क्रेयॉनचा शार्पनर बनवा, पात्याशिवाय

पेन्सिलच्या शार्पनरला पोलादी पातं लागतं, कारण त्याला लाकूड तासायचं असतं. क्रेयॉन म्हणजे मेण आणि रंग. तो नखानेही खरवडला जातो. तेव्हा पातं झाकायचं कसं यावर डोकं शिणवू नका, ते काढूनच टाका.

आधी क्रेयॉन मोजा. नेहमीचा साधारण 8 मिमी जाड असतो, लहानग्यांचा जाडजूड 14 मिमीच्या आसपास. शार्पनरचं भोक त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं ठेवा. फार सैल झालं की क्रेयॉन डुगडुगतो आणि मोडतो. भोक आत शंकूसारखं निमुळतं न्या, पण टोकाला 4 मिमीचा सपाट तळ ठेवा. क्रेयॉन तळाला टेकला की तासणं थांबतं, नाहीतर मूल क्रेयॉन संपेपर्यंत फिरवत बसेल! टोक बोथट निघतं, पण मेणाचं अणकुचीदार टोक तसंही पहिल्या रेघेतच तुटतं. तळाला 2 मिमीचं छिद्र पाडा, म्हणजे अडकलेला तुकडा टूथपिकने मागून ढकलता येईल.

आता धार. शंकूच्या अंगाला 3 मिमी रुंदीची लांबट खाच द्या. कीस तिच्यातून बाहेर पडतो आणि बोट आत जात नाही. तिच्या दोन्ही कडा काटकोनात ठेवा, कारण लहान मूल एकाच दिशेने गोल फिरवत नाही. मनगट पुढे-मागे करतं. दोन्ही कडा तासणाऱ्या हव्यात.

मुख्य भोकात मात्र चिमुकलं बोट जाणारच, हे धरूनच चाला. क्लेची करंगळी वळून आत घाला, दाबून फिरवा. वरवर ओरखडे आले तर ठीक. साल निघाली तर कडा पॉलिशपेपरने जरा मारा आणि पुन्हा क्रेयॉनवर तपासा.

बाहेरचा आकार मुठीत मावेल पण तोंडात जाणार नाही असा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी 31.7 मिमी व्यासाची चाचणी-नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावेल असा कोणताही भाग नको. स्क्रू, झाकण, किसाचा डबा असलं काही लावूच नका. शार्पनर फरशीवर आपटून पाहा आणि उडालेले तुकडेही याच मापाने तपासा.

क्रेयॉनवरचा कागद आधी सोलून घ्या, तो खाचेत तुंबतो. साचलेलं मेण कोमट पाण्याने काढा. शार्पनर थ्रीडी प्रिंटरवर बनवला असेल तर त्यात सहसा वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक 60 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे उकळतं पाणी नको.